सात इंच वाकडी भिंत

आर्किटेक्टला कुणी इंजिनिअर म्हटलं की त्याच्या कपाळावरची शीर उडायला लागते. त्या धंद्यातलं हे जुनं दुखणं आहे. आपल्या या गृहस्थांनाही ते होतं. मात्र लोकांनी पाठीमागे त्यांना जे नाव ठेवलं होतं, फक्कीसाहेब, ते कानावर आलं की हा माणूस चक्क खूश व्हायचा. आता काय म्हणावं!

त्या नावामागे एक कपाट होतं. सव्विसाव्या वर्षी त्यांनी पहिलं घर केलं. कागदावर ते असं देखणं दिसायचं की आपणच आपल्या पाठीवर थाप मारून घ्यावी. घर उभं राहिलं, सामान आलं आणि मालकीणबाईंचं लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. वर जाईना, खाली येईना. शेवटी खिडकीचे गज कापले आणि दोर लावून ते बाहेरून आत घेतलं. पुढे पंधरा वर्षं त्या बाई बाजारात भेटल्या की हटकून विचारायच्या, "काय हो, हल्ली कपाटं जातात ना आत?"

तेव्हा फक्कीसाहेबांनी कानाला खडा लावला. नुसत्या कागदावर विश्वास ठेवायचा नाही. त्यांच्या ऑफिसमागे एक मोकळं मैदान होतं. घर नवं असो की जुन्याची डागडुजी असो, नकाशा तयार झाला की ते मैदानावर जायचे आणि चुन्याच्या भुकटीने, म्हणजे फक्कीने, ते अख्खं घर खऱ्या मापात जमिनीवर आखायचे. मग घरच्या सगळ्यांना बोलवायचं आणि तासभर त्या रेघांमध्ये राहायला लावायचं. इथे झोपा, इथे उठा, नसलेलं दार उघडा, नसलेल्या ओट्यावर चहा करा. लोकांना आधी हसू यायचं. दहा मिनिटांनी भांडणं सुरू व्हायची.

एका नवराबायकोचं लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर त्या फक्कीच्या बेडरूममध्ये पहिल्यांदा फाटलं. "बावीस वर्षं खिडकीकडची बाजू तुझी. मी बोललो का कधी?" नवरा म्हणाला. "मग आजच कुठून वाचा फुटली?" बायको म्हणाली. दुसऱ्या एकाला काचेच्या भिंतीची बाथरूम हवी होती. साहेबांनी त्याला रेघांच्या बाथरूममध्ये उभं केलं आणि रेघांच्या हॉलमध्ये खुर्ची टाकून त्याच्या सासूबाईंना बसवलं. पाच मिनिटांत काचेच्या जागी विटा आल्या.

"घर बांधताना माणसाचं जेवढं पितळ उघडं पडतं ना, तेवढं कुठे पडत नाही," असं ते घरी येऊन बायकोला रंगवून सांगायचे.

"हो का? आपल्या मागच्या दाराची कडी सहा वर्षं लागत नाहीये. ते पितळही बघा जरा," बायको म्हणायची. मग साहेब पेपर वाचायला लागायचे.

त्यांचा उजवा हात म्हणजे एक गवंडी. पंचवीस वर्षं बरोबर. त्याचं नाव पडलं होतं ओळंबा. भिंत सरळ उभी आहे का ते बघायला गवंडी दोरीला जे वजन टांगतो, त्याला ओळंबा म्हणतात. या माणसाच्या डोळ्यांतच तो टांगलेला होता. वाकडी भिंत दिसली की त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. एकदा दात काढायला गेला, तर भूल दिलेली, तोंडात कापूस, आणि हा पठ्ठ्या खुर्चीतून उठून डॉक्टरांच्या भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायला गेला. साहेबांचा त्याच्यावर आंधळा भरवसा होता. हा शब्द पुढे त्यांना फार बोचला.

तर एक कुटुंब आलं. मुलगा, सून, त्यांची शाळेत जाणारी लेक आणि मुलाची चौऱ्याहत्तर वर्षांची आई. मुलगा औषधांच्या कंपनीत होता. माणूस भला, पण काळजी करण्यात पहिला नंबर. सून कॉलेजात गणित शिकवायची, मोजकं आणि नेमकं बोलायची. घर चाळीस वर्षांचं, तळमजल्यावरचं. लेकीला स्वतंत्र खोली हवी, हॉल मोठा हवा, आणि खोल्यांपासून स्वयंपाकघरापर्यंत जाणाऱ्या बोळाच्या भिंतीत ओल मुरलेली, ती पाडून नवी करायची. नेहमीचंच काम.

नकाशा झाला. मैदानावर फक्की पडली. मंडळी आली. लेकीने आपल्या खोलीत लोळून घेतलं. सुनेने पावलं टाकून ओटा मोजला. मुलाने हॉलमध्ये उभं राहून पायाखालच्या लादीची काळजी केली, जी अजून विकतही घेतली नव्हती.

"काकू, या ना," साहेब आजींना म्हणाले. "हे तुमच्या खोलीचं दार. इथून बोळ, आणि पुढे स्वयंपाकघर. चालून बघा."

आजी हसऱ्या चेहऱ्याने निघाल्या. ताठ, झपझप. आणि सरळ भिंतीतून आरपार गेल्या. मग फ्रिजमधून गेल्या. मग नातीच्या पलंगावरून चालत जाऊन बाहेर रस्त्यावर उभ्या राहिल्या.

"आई, अहो भिंतीतून गेलात!" सून खळखळून हसली.

"जाणारच! मला कोण अडवणार आहे?" आजी म्हणाल्या, आणि सगळेच हसले.

फक्कीसाहेब हसले नाहीत. हजार माणसं त्यांनी या रेघांमध्ये फिरवली होती. रेघ ओलांडताना माणूस खाली बघतोच. मुद्दाम भिंत तोडून जाणारा चावट माणूससुद्धा क्षणभर बघतो. आजींची नजर खाली गेलीच नव्हती. त्यांना रेघ दिसलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी एकट्या गाडी करून ऑफिसात आल्या. खुर्ची हाताने चाचपून बसल्या आणि म्हणाल्या, "इंजिनिअर, तुमच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. त्यातली नववी बुटकी आहे."

"आर्किटेक्ट," साहेब म्हणाले. "आणि पायऱ्या सगळ्या सारख्या आहेत, काकू."

"नववी बुटकी आहे."

साहेब हट्टाने टेप घेऊन जिन्यावर गेले. नववी पायरी पाऊण इंचाने कमी होती. सोळा वर्षं ते रोज तो जिना चढत होते. परत येऊन त्यांनी टेप खणात टाकली.

"काल तुम्ही हसला नाहीत," आजी म्हणाल्या. "सगळे हसले, तुमचा आवाज आला नाही. म्हणजे तुम्ही ओळखलंत."

"कधीपासून, काकू?"

"तीन वर्षं. डोळ्यामागची शीर सुकत गेली म्हणे. इलाज नाही. डॉक्टरांकडे शेजारणीबरोबर गेले होते, ती पुढे गाव सोडून गेली. आता उजेड कळतो, अंधार कळतो, समोर माणूस उभं असलं तर सावली पडल्यासारखं वाटतं. बस."

"आणि घरात कुणालाच माहीत नाही?"

"कसं कळेल? चाळीस वर्षं त्या घरात वावरले मी. पलंगापासून बाथरूम अकरा पावलं. माझ्या दारापासून स्वयंपाकघर एकोणीस. बोळाच्या भिंतीला उजवा हात लावला की ती भिंतच मला नेऊन सोडते दारात. चहा मी करते, भाजी मी चिरते. सुईत दोरा तेवढा सुनेकडून ओवून घेते, तिचे डोळे तरुण म्हणून." त्यांनी पदर सारखा केला. "माझा मुलगा सोन्यासारखा आहे हो. तोच घोळ आहे. त्याला कळलं की तो आधी माझ्या हातातला लायटर काढून घेईल. मग सोबतीला बाई ठेवील. मग मला हॉलमध्ये खुर्चीत बसवील आणि दर तासाला विचारील, आई, काही हवंय का? डोळे गेले ते गेले. माझे पाय जाऊ देऊ नका."

"मी काय करू?"

"घर हवं तसं फोडा. माझ्या पायांची वाट तेवढी ठेवा. आणि कुणाला सांगू नका."

साहेबांनी शब्द दिला. बायकोलाही सांगितलं नाही, आणि त्यांच्या घरात ती गोष्ट सोपी नव्हती.

मग ते टेप घेऊन आजींच्या घरी दिवसभर बसले. तेव्हा त्यांना बोळाची खरी गंमत कळली. ती भिंत वाकडी होती. खोलीच्या बाजूला बोळ तीन फूट अकरा इंच रुंद, आणि स्वयंपाकघराच्या टोकाला तीन फूट चार. चाळीस वर्षांपूर्वी कुणा गवंड्याने डुलक्या काढत बांधली असावी. सात इंच ती तिरपी आत येत होती, आणि बरोबर दाराच्या चौकटीला जाऊन टेकत होती. म्हणून आजींचा हात दारातच जाऊन पोचायचा. भिंत सरळ केली असती तर चौकटीच्या बाजूला सात इंचांचा कोपरा तयार झाला असता, आणि भिंतीला हात धरून येणारं माणूस थेट त्यावर आदळलं असतं.

साहेबांनी सगळं घर बदललं. हॉल उघडला, नातीला खोली दिली, ओटा फिरवला पण शेगडी जागची हलवली नाही. आणि बोळाची नवी भिंत जुनीसारखीच वाकडी काढली. एका टोकाला तीन अकरा, दुसऱ्या टोकाला तीन चार. मुलाने विचारलं तर वरच्या तुळईचं काहीतरी कारण फेकलं. कागदावर कारण लिहायचं, तर काय लिहायचं? शब्द दिला होता ना.

काम सुरू झालं. मुलगा, सून आणि नात भाड्याच्या जागेत गेले. आजी आपल्या लग्न झालेल्या लेकीकडे गेल्या. साहेब एकदा तिथे भेटायला गेले, तर आजी हॉलमध्ये खुर्चीत बसलेल्या. गुडघे धरलेत म्हणून सांगून त्या महिनाभर त्या खुर्चीतून उठल्या नव्हत्या. त्या घरातली पावलं त्यांना ठाऊक नव्हती. "आईचं जेवण तुटलंय," लेक काळजीने म्हणाली. तिची पाठ वळली तसा आजींनी साहेबांचा हात घट्ट धरला. "इंजिनिअर, लवकर करा हो. मी इथे गाठोडं झालेय." त्या वेळी साहेबांनी आर्किटेक्ट म्हणून दुरुस्त केलं नाही.

आणि नेमकं तेव्हाच साहेबांना टायफॉइडने आडवं केलं. तीन आठवडे.

इकडे ओळंबा बोळापाशी आला. त्याने कागद बघितला. एकाच बोळाला दोन टोकांना दोन आकडे! त्याने कागद उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला. साहेबांच्या घरी फोन लावला. साहेबांच्या बायकोने उचलला. "ताप उतरत नाहीये हो त्यांचा. भिंतीचं काय ते तुम्हीच बघा. तुम्हाला काय कमी कळतं?"

ओळंब्याने विचार केला. साहेबांचा आकडा पंचवीस वर्षांत चुकला नव्हता. ऑफिसात नवी मुलगी आली आहे, तिने जुन्या वाकड्या भिंतीचं माप उतरवून चुकवला असणार. मालकाच्या लक्षात आलं तर नाव साहेबांचं जाणार. आपण गुपचूप सुधारून टाकावं. दोन्ही टोकांना तीन अकरा धरून, दोरी लावून, काटकोनात बसवून त्याने ती भिंत अशी काही बांधली की बघत राहावं. वर आरशासारखा गिलावा केला. आयुष्यात इतकी सरळ भिंत त्याने बांधली नव्हती. अशी का बांधणार नाही! ती साहेबांच्या अब्रूसाठी होती.

साहेब उठून कामावर आले तेव्हा रंग लागला होता. पाय लटपटत होते. "साहेब, काळजी सोडा. सगळं व्यवस्थित करून घेतलंय," ओळंबा म्हणाला, आणि चेहऱ्यावर अशी माया होती की साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. ज्या माणसाने कपाट अडकल्यापासून स्वतःच्या सावलीवरही टेप लावली असती, त्याने त्या एका भिंतीला टेप लावली नाही. घरची मंडळी घाई करत होती, आजी जेवत नव्हत्या, आणि भिंत कोरीकरकरीत दिसत होती. झालं.

रविवारी सकाळी आजी घरी आल्या. दारात चपला काढल्या, आणि वास घेतल्यासारखा एक मोठा श्वास घेतला. साहेब होते, ओळंबा नवा शर्ट घालून आला होता. मुलगा आईला हॉल दाखवायला लागला, तर आजी म्हणाल्या, "ते मागाहून. आधी चहा. आणि चहा मीच करणार."

त्या आपल्या खोलीच्या दाराशी गेल्या. उजवा हात भिंतीला लावला आणि निघाल्या. दोन महिने खुर्चीत काढलेलं ते माणूस असं काही निघालं की मुलगाच म्हणाला, "अगं, गुडघे!" आजींनी कुठलं ऐकायला! सतरा, अठरा, एकोणीस.

चौकटीवर कपाळ आदळल्याचा आवाज सगळ्या घराने ऐकला.

सून धावली. आजी खाली बसल्या होत्या, भुवईवरून रक्त येत होतं. पण त्या कपाळाला हात लावत नव्हत्या. दोन्ही तळव्यांनी भिंत चाचपत होत्या, वर, खाली, कोपऱ्यात. "ही माझी भिंत नाही," त्या म्हणत होत्या. "अरे, ही कुणाची भिंत आहे?"

"आई, समोरची चौकट दिसली नाही तुला?" मुलगा म्हणाला. आणि म्हणता म्हणताच त्याचा चेहरा बदलला. त्याने आईच्या डोळ्यांसमोर हळूच हात हलवला. मग तो भिंतीला टेकून मटकन खाली बसला.

साहेबांनी सगळं सांगितलं. मैदानापासून सात इंचांपर्यंत. ऐकता ऐकता ओळंबा पांढराफटक पडला. "साहेब, मला वाटलं आकडा चुकला," तो एवढंच म्हणाला. "मला वाटलं तुमची चूक झाकावी."

"तुझी चूक नाही," साहेब म्हणाले. "तुला सांगायला हवं होतं मी. आणि मोजायलाही हवं होतं." आयुष्यात त्यांना इतकी लाज वाटली नव्हती. ते कपाट या घटकेपुढे काहीच नव्हतं.

मुलगा संतापला, आणि रास्तच होतं ते. "तुम्हाला माहीत होतं, आणि पोटच्या मुलाला माहीत नाही? तिचा डोळा फुटला असता तर?" मग संताप ओसरला आणि त्याची काळजी जागी झाली. ती संतापाहून वाईट. "आता पुरे. आई स्वयंपाकघरात जाणार नाही. उद्याच सोबतीला बाई बघतो." त्याने आईला हाताला धरून उठवलं आणि हॉलमध्ये खुर्चीत बसवलं. "आई, काही हवंय का?"

आजींनी साहेबांच्या दिशेने तोंड केलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला आठ दिवस द्या," साहेब मुलाला म्हणाले. "ती भिंत पाडून होती तशी करून देतो."

"कशाला? पुन्हा आदळायला?"

तेव्हा सून मध्ये पडली. "तीन वर्षांत किती वेळा आदळल्या त्या? एकदाही नाही. आज आदळल्या, कारण आपण घर बदललं. तीन वर्षं त्यांनी तुझ्यासाठी चहा केलाय, तुला दिसलं का काही? मग नक्की कुणाला दिसत नव्हतं?"

मुलाने रुमालाने आईच्या भुवईवरचं रक्त टिपलं. मग म्हणाला, "ठीक आहे. आठ दिवस. भिंत झाल्यावर आई एकटी गेली, कुणाचा हात न धरता चहा करून आली, तर मी पुन्हा अवाक्षर काढणार नाही. नाही जमलं तर मात्र माझं ऐकायचं." आजींनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ओळंब्याने स्वतःच्या हाताने आपली ती आरशासारखी भिंत फोडली. मजुराला हात लावू दिला नाही. मग नवी बांधायला बसला आणि फजिती सुरू झाली. बिचाऱ्याचे हात ऐकेनात. तिरपी दोरी लावलेली असूनही वीट ठेवली की तो नकळत ती सरळ करायचा. "साहेब, वाकडं बांधायला हात धजत नाही हो," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"मग माझा हात घे," खुर्चीतून आवाज आला.

आजी उठल्या. ओळंब्याने खडबडीत हातांनी त्यांना जागेवर आणून उभं केलं. आणि मग ती भिंत त्या दोघांनी बांधली. साहेब टेप घेऊन शेजारी उभे होते, पण खरं माप आजींचा तळवा घेत होता. "अजून आत घे. घाबरू नको, ये आत." "आजी, डोळ्याला फार वाकडं दिसतंय हो." "मग मिट डोळे. मला कुठे त्रास होतोय?" ओळंबा दचकला, आणि मग दोघंही हसले. दहाव्या पावलाच्या जागी आजी थांबल्या. "इथे एक फुगवटा होता. तळहाताएवढा. तो लागला की मला कळायचं, अर्धी वाट झाली, आता हातातलं भांडं सांभाळायचं." साहेबांच्या मापात तो फुगवटा आलाच नव्हता. ओळंब्याने थापीने गिलाव्याचा एक गोळा चढवला, आजींनी हात फिरवला, "थोडा कमी," त्याने तासला, "थोडा खाली." चार वेळा तो फुगवटा झाला आणि मोडला. पाचव्यांदा आजी काही बोलल्या नाहीत. नुसता हात ठेवून उभ्या राहिल्या.

आठव्या दिवशी सकाळी सगळे जमले. रंग वाळला होता. मुलगा आधीच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला, दोन्ही हात पुढे करून, आई पडलीच तर झेलायला. सून नखं कुरतडत होती. ओळंब्याने डोळेच मिटून घेतले होते. साहेबांना वाटलं, आपण तीस वर्षांत बांधलेली सगळी घरं एकीकडे आणि ही एकोणीस पावलं एकीकडे.

आजींनी भिंतीला हात लावला. या वेळी घाई केली नाही. एक, दोन, तीन. फुगवट्यापाशी बोटं क्षणभर थांबली, आणि खांदे सैल झाले. मग त्या नेहमीच्या झपझप चालीने निघाल्या, आणि दाराच्या दोन पावलं अलीकडे उभ्या राहिल्या.

"बाजूला हो रे," त्या मुलाला म्हणाल्या. "वाटेत उभा आहेस."

मुलगा बाजूला झाला. आजी आत गेल्या. लायटरचा आवाज आला, पातेल्यात पाणी पडल्याचा आवाज आला. डबे उघडले, मिटले. थोड्या वेळाने त्यांनी कपात चहा ओतला, कान देऊन, आवाजावरून, एक थेंब बाहेर न सांडता. मग भिंतीच्या टोकावरून हात फिरवत म्हणाल्या, "गवंडीदादा, आता सरळ झाली हो भिंत."

ओळंब्याने डोळे उघडले आणि लगेच नव्या शर्टाच्या बाहीने पुसले.

मुलगा मात्र स्वयंपाकघरात नव्हता. तो बोळाच्या दुसऱ्या टोकाला गेला होता, आईच्या खोलीच्या दाराशी. त्याने डोळे गच्च मिटले, उजवा हात भिंतीला लावला आणि निघाला. पहिल्यांदा अडखळला. फुगवट्यापाशी त्याचा हात थांबला, बराच वेळ. मग पुढे आला, आणि भिंतीने त्याला नेमकं दारात आणून सोडलं. डोळे अजून मिटलेलेच होते, आणि गालावरून पाणी वाहत होतं.

"किती लागली?" आजींनी आतून विचारलं.

"सतरा."

"तुझे पाय लांब. तुझे बाबा सोळात यायचे," आजी म्हणाल्या. "डोळे उघड आता, आणि कप ने बाहेर. इंजिनिअर, साखर किती तुम्हाला?"

"दोन चमचे, काकू," इंजिनिअर म्हणाले.